फ्रिजबाहेर टिकणारं तूप माझ्याच घरी का टिकत नव्हतं

तक्रार एका ओळीत मावते: एप्रिल-मेमध्ये कढवलेलं तूप जुलै उजाडला की वास मारायला लागायचं. सलग चार पावसाळे हेच.

आमचं घर भांडुपला, तिसऱ्या मजल्यावर. जून ते सप्टेंबर या घरात मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात, आगपेटीची काडी पेटत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी सगळा दोष हवेला देऊन मोकळी झाले. पण सासूबाईंचं माहेर संगमेश्वरचं. तिथे चिनी मातीच्या बरणीत तूप दिवाळीपर्यंत राहायचं म्हणे, आणि कोकणातला पाऊस मुंबईपेक्षा कमी असतो असं सांगायची कोणाची हिंमत नाही. म्हणजे हवेवर ढकलून सुटका नव्हती.

दुसऱ्या वर्षी दूध बदललं. पिशवीचं बंद करून तबेल्यातलं म्हशीचं घेतलं. तूप जास्त निघालं, वास तोच. तिसऱ्या वर्षी काचेची नवी बरणी आणली. चौथ्या वर्षी वैतागून तूप फ्रिजमध्ये ठेवलं, तर महिन्याभरात झाकणाच्या आतल्या बाजूला आणि काठाला बेरी चिकटली होती तिथे हिरवट ठिपके. फ्रिजबाहेर वर्षभर राहणारी वस्तू फ्रिजमध्ये बुरसली! तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण प्रश्नच चुकीचा विचारतोय. तूप खराब का होतं हे बाजूला ठेवून आधी ते मुळात कशामुळे टिकतं, हे बघायला हवं होतं.

दूध म्हणजे बहुतांश पाणीच. गाईच्या दुधात शंभरातले साधारण ८७ भाग पाणी, म्हशीच्या दुधात ८३ च्या आसपास. बाकीच्यात साखर, प्रथिनं, स्निग्धांश, क्षार. जंतूंना याहून चांगली मेजवानी नाही, आणि ही मेजवानी त्यांना पाण्यातूनच खाता येते. फ्रिज जंतू मारत नाही, फक्त त्यांना सुस्त करतो. दुधाचा जो पदार्थ फ्रिजशिवाय टिकतो, त्यात कोणीतरी या पाण्याचा बंदोबस्त केलेला असतो. एक तर ते काढून टाकलेलं असतं, जसं तुपात आणि दूध पावडरीत. किंवा साखरेने, मिठाने असं बांधून टाकलेलं असतं की ओलावा दिसतो पण जंतूंना वापरता येत नाही. तिसरा मार्ग टेट्रापॅकचा: पाणी आहे तसंच ठेवायचं, आतले सगळे जंतू मारायचे आणि नवीन येऊ नयेत म्हणून दार लावून घ्यायचं. त्यामुळे टिकाऊ पदार्थ खराब झाला की विचारायचा प्रश्न एकच, पाणी कुठून आलं किंवा दार कुठे उघडं राहिलं?

तुपासाठी आपल्याकडचा नियम ओलावा जास्तीत जास्त ०.५ टक्के असा आहे. अर्ध्या किलोच्या बरणीत म्हणजे अडीच ग्रॅम, चहाचा अर्धा चमचा. ताकाच्या वाटीतून काढून झटकलेला चमचा दोन-चार वेळा बरणीत गेला की ही मर्यादा ओलांडायला कितीसा वेळ लागणार?

आता बरणी उघडून नाकाने तपासा. वास कुठून येतो आणि कसा येतो, यावरून निम्मं निदान होतं.

वरचं तूप बरं आणि तळाचं घाण वासाचं असेल, तर पाणी राहिलंय. पाणी तुपापेक्षा जड, ते खाली जाऊन बसतं आणि तिथूनच काम सुरू करतं. हा वास आंबूस, बाळाने दूध ओकल्यावर येतो तसा असतो. कारण स्निग्धांशाचे तुकडे पडून ब्युटिरिक आम्ल सुटं होतं, आणि ते नाकाला फार थोडंही पुरतं. उलट, वरचा थर वाईट आणि आतलं ठीक, वास जुन्या तळणीच्या तेलासारखा, गाईच्या तुपाचा पिवळा रंगही उडालेला, असं असेल तर ते हवेचं आणि उजेडाचं काम. बरणी अर्धी रिकामी होऊन महिनोन्‌महिने खिडकीशी उभी असते, तेव्हा हे होतं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ठेवलंत तर आणखी लवकर, कारण तांबं ही खवट होण्याची क्रिया पळवतं. कल्हईवाला आता मुंबईत सहजासहजी मिळत नाही, तेव्हा पितळेचा हट्ट सोडलेला बरा.

माझं तूप तळातून वास मारत होतं.

खात्रीसाठी एक सोपी परीक्षा आहे. तळातलं चमचाभर तूप छोट्या कढल्यात घ्या आणि मंद आचेवर ठेवा. तडतडलं, बुडबुडे आले, तर पाणी आहे. गप्प राहून नुसतं तापत गेलं, तर नाही. माझं असं तडतडलं की नवरा हॉलमधून विचारायला आला, फोडणीत काय टाकलंस?

मग पाणी येत कुठून होतं, याचा माग काढला. एक नाही, चार वाटा निघाल्या, आणि चारही मीच उघड्या ठेवलेल्या.

पहिली वाट कढवण्याची. आमच्याकडे पांढरंशुभ्र तूप आवडतं, म्हणून मी बेरी जराशी पिवळी झाली की गॅस बंद करायचे. लोण्यात पाणी असतं तोवर कढईतलं तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहतं, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. या काळात मोठे, आवाज करणारे बुडबुडे येतात. मग आवाज बसतो. बायका ‘तूप शांत झालं’ म्हणतात तो हा क्षण, आणि मी इथेच थांबायचे. खरं तर यानंतर पाऱ्याला मोकळं रान मिळतं, तापमान झरझर चढतं आणि काही मिनिटांनी बारीक, दाट, आवाज न करणारा फेस दुसऱ्यांदा वर येतो. बेरी तांबूस होते, खमंग वास सुटतो. हा दुसरा फेस म्हणजे ११५ अंशांच्या आसपास आल्याची खूण. गॅस तेव्हा बंद करायचा. पांढऱ्या तुपाची हौस असेल तर ते महिन्याभरात संपवा, साठवायला ठेवू नका. विड्याचं पान टाकायची जुनी रीत आहे, तिचा इथे एक उपयोग दिसतो: पान कुरकुरीत होऊन चुरलं की समजायचं, पाणी संपत आलंय.

दुसरी वाट झाकणाची. कढत तूप बरणीत ओतलं, मुंग्या येतील म्हणून लगेच झाकण घट्ट लावलं. आत अडकलेली वाफ आणि दमट हवा थंड होताना झाकणाला थेंब होऊन लटकते आणि टपकन परत तुपात. आता मी तूप कोमट होईपर्यंत बरणीच्या तोंडाला कोरडं फडकं बांधून ठेवते.

तिसरी बरणीची. पावसाळ्यात घासलेली बरणी उपडी ठेवून वाळते, हा भ्रम आहे. हवेतच ८५-९० टक्के दमटपणा असेल तर पाणी जाणार कुठे? काचेच्या जाड बरणीच्या वळणात, झाकणाच्या आट्यांत ओल राहतेच. बरणी आणि झाकण (धातूचं असेल तर) मंद ओव्हनमध्ये किंवा गॅस बंद केलेल्या गरम तव्यावर फडकं घालून पंधरा मिनिटं ठेवा. गाळणीसुद्धा कोरडी हवी. मी ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळायचे, तूप फडक्यात कमी मुरतं म्हणून. काय बोलायचं आता.

फ्रिजमधल्या बुरशीचं कोडंही इथेच सुटतं. थंडगार बरणी दिवसातून दोनदा बाहेर येते, भांडुपच्या जुलैमधली हवा तिच्यात शिरते, आणि गार काचेला आतून घाम फुटतो. तुपाच्या पोटात बुरशीला काही मिळत नाही, पण काठाला चिकटलेली बेरी अधिक तो घाम म्हणजे तिला घर आणि जेवण दोन्ही. तूप फ्रिजमध्ये ठेवायचंच असेल तर मोठी बरणी आत राहू द्या आणि आठवड्यापुरतं लहान डब्यात बाहेर काढा. नाहीतर सरळ बाहेर, अंधाऱ्या फडताळात. मी दुसरं करते.

चौथी वाट पाण्याची नाही, जंतूंची, आणि ती मला सगळ्यात उशिरा कळली, कारण ती तुपाच्या बरीच आधीची आहे. साय. मी दहा-बारा दिवस नुसती साय फ्रिजमध्ये साठवायचे आणि आदल्या रात्री विरजण लावायचे. फ्रिजच्या थंडीतही वाढणारे जंतू असतात आणि ते स्निग्धांश तोडणारी विकरं (एन्झाइम) सोडतात. जंतू कढवताना मरतात, पण तोपर्यंत लोण्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. लोणी काढतानाच कडवट, कुबट वास येत असेल तर पुढे कितीही छान कढवा, ते तूप टिकणारं नाही. यावर उपाय साधा आहे: पहिल्या दिवशीच्या सायीलाच चमचाभर दही लावायचं आणि रोजची साय त्यातच घालायची. आंबटपणा या मंडळींना डोकं वर काढू देत नाही. नाहीतर साय फ्रीझरमध्ये साठवा.

या चारही दुरुस्त केल्यावरचं तूप गेल्या पावसाळ्यात गणपतीपर्यंत बरणीत होतं. नंतरही राहिलं असतं, पण उकडीच्या मोदकांनी ते संपवलं.

तूप सुटल्यावर शेजारपाजारचे दुधाचे बाकीचे प्रश्नही माझ्याकडे यायला लागले. त्यातला नेहमीचा टेट्रापॅकचा. ‘यात औषध घातलेलं असणार, नाहीतर दूध सहा महिने कसं राहील?’ औषधाची गरजच पडत नाही. पिशवीचं दूध पाश्चराइझ करताना साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात. रोगजंतू मरतात, पण काही चिवट जंतू आणि त्यांचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपून राहिलेली जंतूंची रूपं, उरतात, म्हणून ती पिशवी पहिल्या मिनिटापासून थंडच हवी. खोक्यातलं दूध १३५ ते १५० अंशांवर दोन-पाच सेकंद तापवून लगेच गार करतात आणि निर्जंतुक केलेल्या खोक्यात, निर्जंतुक जागेतच बंद करतात. त्या पुठ्ठ्यात केसाहून पातळ ॲल्युमिनियमचा थर असतो, तो उजेड आणि हवा अडवतो. थोडक्यात, आत जंतू नाहीत आणि बाहेरचे येऊ शकत नाहीत.

‘येऊ शकत नाहीत’ हे खोकं बंद असेपर्यंतच खरं. एका काकूंचं दूध दर वेळी दुसऱ्या दिवशी नासायचं. विचारल्यावर कळलं, कोपरा कापून, चहापुरतं घेऊन, खोकं ओट्यावरच. ‘फ्रिज लागत नाही असं लिहिलंय ना त्यावर!’ लिहिलेलं असतं ते उघडेपर्यंतचं. उघडल्यानंतर ते साधंच दूध. फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा. न उघडताच खोकं फुगलं असेल तर मात्र कुठेतरी दार फटीने उघडं राहिलंय, घडी चेपलीय किंवा शिवण सुटलीय. चव बघू नका, टाका. आणि तारखेच्या जवळचं दूध फुगलेलं नाही पण दाट, कडवट लागतंय, तर जंतू मेले तरी त्यांची उष्णतेला न जुमानणारी विकरं हळूहळू प्रथिनं तोडत बसलेली असतात. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर मे महिन्यात ठेवलेल्या खोक्यांचं हे लवकर होतं.

दुसरा प्रश्न चाळीतल्या दिवसांची आठवण काढणाऱ्यांचा. ‘आमच्याकडे फ्रिज नव्हता, आई दूध दिवसातून तीनदा तापवायची आणि ते टिकायचं. मग आता का नासतं?’ आईचं बरोबर होतं. एका उकळीने जंतू मरतात, बीजाणू मरत नाहीत. दूध कोमट झालं की ते बीजाणू रुजून जंतू होतात, आणि पुढची उकळी नेमकी त्यांना गाठते. जॉन टिंडल नावाच्या शास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात हीच युक्ती प्रयोगशाळेत मांडली, तिला त्याचंच नाव आहे. पण मधलं अंतर पाळलं तर. आपण सकाळी सातला तापवतो आणि लोकल पकडून रात्री आठला परततो. मेच्या उकाड्यात तेरा तास म्हणजे पिढ्यानपिढ्या झाल्या. अशा दुधात कधी कधी आंबट वास अजिबात नसतो आणि तरी गरम केल्यावर फाटतं. त्याला गोड नासणं म्हणतात. हे बीजाणूवाल्या जंतूंचं काम, आंबवणाऱ्या जंतूंचं नव्हे. आंबट नाही म्हणून त्याचं पनीर करायचा मोह होतो. करू नका. या जंतूंची काही विषं उकळूनही जात नाहीत.

पावडरीच्या गाठी झाल्या तर पहिला संशय चमच्यावर, दुसरा डबा उघडा धरून उकळत्या चहाच्या वाफेत चमचा उपडा करायच्या सवयीवर. चार-पाच टक्के ओलाव्याची ती वस्तू, वाफ आनंदाने पिते. तसा या पावडरीचा मुंबईशी जुना संबंध आहे. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध द्यायच्या आणि गुजरातमधल्या आणंदहून येणारं सगळं दूध मुंबईला घेता यायचं नाही. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगत असताना अमूलचे तंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली, आणि १९५५ मध्ये आणंदला तिचा कारखाना सुरू झाला. पुढे १९७० मध्ये दुग्धमहापूर योजना (ऑपरेशन फ्लड) आली, तेव्हा युरोपातून बोटीने आलेली पावडर आणि बटर ऑइल मिसळून मुंबईसह चार महानगरांसाठी दूध तयार केलं गेलं. बटर ऑइल म्हणजे पाणी काढून टाकलेला दुधाचा स्निग्धांश, आपल्या तुपाचा बेरी न भाजलेला भाऊ. समुद्रातल्या दमट हवेतून ते आलं, आणि माझं तूप ओट्यावरून फडताळापर्यंत टिकत नव्हतं.

विकतचं खारं लोणी बाहेर दोन दिवस राहतं आणि घरचं पांढरं का राहत नाही, याचं उत्तर मला फार आवडतं. लोण्यात १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं आणि मीठ दोन-अडीच टक्केच. पण ते मीठ स्निग्धांशात जात नाही, सगळं त्या पाण्यातच उतरतं. म्हणजे आतला प्रत्येक सूक्ष्म थेंब लोणच्याच्या खारासारखा झालेला असतो. घरच्या लोण्यात मीठ नाही, थेंबही मोठे, शिवाय ताक राहिलेलं. म्हणून जुन्या बायका ते पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि पाणी रोज बदलायच्या. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात हेच काम साखर करते, ४० टक्क्यांहून जास्त साखर. पेढ्यांना मात्र फसू नका. कंदी पेढा खूप भाजलेला, कोरडा, म्हणून प्रवासाला चालतो. मऊ मलई पेढ्यात ओल असते, तो पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्येच हवा. श्रीखंडाचंही तसंच. आंबट आणि गोड दोन्ही असून यीस्ट त्याला सोडत नाहीत.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा आम्ही कुर्ल्याला होतो, पहिल्या मजल्यावर, तीन दिवस वीज नाही. फ्रिजमधलं दूध दुसऱ्या सकाळी गेलं, मग पनीर. दही आंबट होत होत तिसऱ्या दिवशी कढीपुरतं उरलं. पावडर आणि तुपाची लोटी जशीच्या तशी, आणि त्यावर आम्ही सहा माणसांनी चहा-वरणभात काढला. ते तूप सासूबाईंनी कढवलेलं होतं, हे मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

आता उरलेला प्रश्न, आधीच बिघडलेल्या तुपाचं काय करायचं. तडतडतंय पण वास अजून चांगला आहे, तर पुन्हा मंद आचेवर दुसऱ्या फेसापर्यंत कढवा, कोरड्या बरणीत भरा, आधी तेच वापरा. वास लागला असेल तर कढवून जात नाही. सुटं झालेलं आम्ल तिथेच राहतं. बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं वापरायचा हिशोब करू नका, टाकून द्या. खवट पण बुरशी नसलेलं तूप मी निरांजनात घालते. सासूबाई म्हणतात, जे आपल्याला चालत नाही ते देवाला कसं चालेल? त्यामुळे ती बरणी सध्या ओट्याखाली आहे आणि मी बाहेर गेले की तिची जागा बदलते.